पोलादाच्या तोंडावरील खांच

स्वयंपाकघरांतील स्टेनलेस स्टीलचें पातेलें हाताळतांना, हा धातु कापावयास किती हट्टी आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पातेलें पत्रा दाबून घडवितात. परंतु त्याच धातूचा जाड तुकडा लेथवर चढवून त्याच्या तोंडावर अरुंद, वाटोळी खांच पाडावयाची झाली, म्हणजे मुरलेल्या कारागिराचीही परीक्षा होते. डेअरींतील पंपांच्या झाकणांवर अशा खांचा असतात व त्यांत रबराचें कडें बसतें. खांचेच्या तळावर आडवा ओरखडा राहिला, तर कडें तेथें दूध अडवूं शकत नाहीं. शिवाय त्या ओरखड्यांत दुधाचा अंश साचून जंतूंना आसरा मिळतो. म्हणूनच हा विषय आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडीत आहों.

जर्मनींतील एसेन येथें क्रुपच्या कारखान्यांत १९१२ च्या सुमारास व शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांच्या हातून १९१३ सालीं न गंजणारीं पोलादें निपजलीं. घरगुती भांड्यांच्या उत्तम प्रकारांत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. या धातूचे दोन स्वभाव कारागिराला छळतात. साध्या पोलादाच्या मानानें तो उष्णता सुमारें एकतृतीयांशच वाहून नेतो. त्यामुळें सारी आंच हत्याराच्या टोंकाशीं साठते. दुसरें असें कीं, न कापतां नुसतें घासलें तर त्याचा पृष्ठभाग अधिकच कठीण होतो.

आतां खांचेचा आकार पाहूं. समजा, तिचा बाहेरील व्यास ४० मिलिमीटर व रुंदी २.५ मिलिमीटर आहे. हत्याराची धार मध्यरेषेवर असते, पण त्याचें पातें धारेखालीं उतरलेलें असतें. धारेच्या पातळीवर बाहेरची भिंत केंद्रापासून २० मिलिमीटरवर आहे. तीच भिंत १० मिलिमीटर खालीं गेल्यावर आडव्या मापानें अवघ्या १७.३ मिलिमीटरवर येते. म्हणजे सरळ पातें असेल तर तें बाहेरच्या भिंतीला घासणारच! सबब पात्याची बाहेरील बाजू खांचेच्या गोलाईहून अधिक वळवून घासावी लागते. व्यास जितका लहान, तितकें हें वळण अधिक. तयार हत्यारें विकत घेतांनाही तीं किती व्यासापासून किती व्यासापर्यंत चालतील, हें पाहूनच घ्यावीं लागतात.

हत्यार टूलपोस्टच्या बाहेर शक्य तितकें कमी काढावें. हायस्पीड स्टीलच्या हत्याराला मिनिटास सुमारें १५ मीटर वेग पुरे. आपल्या खांचेसाठीं ते मिनिटाला १२० फेरे होतात. खांच पात्याहून रुंद असेल तर पहिला काप बाहेरच्या कडेला घेऊन आंत आंत यावें. कूलंटची धार सारखी चालूं ठेवावी, कारण या धातूचा कीस तुटत नाहीं. तारेसारखा लांब निघून तो खांचेंत अडकला कीं हत्यार मोडलेंच.

काम थरथरूं लागलें कीं शिकाऊ मुलाचा हात कचरतो व तो हत्यार अलगद टेकवूं लागतो. घात होतो तो येथेंच. अलगद टेकलेलें हत्यार कापीत नाहीं, घासतें. घासलेला थर कठीण होतो. पुढच्या फेऱ्याला धार त्याच थरावर बोथट होते. उपाय उलट आहे: फेरे कमी करावे, पण हत्यार नेटानें पुढें सारीत राहावें. उगाच थांबणें नाहीं, चाचपडणें नाहीं. ठरलेली खोली गांठली कीं तात्काळ मागें घ्यावें.

घरांतील एखादा मुलगा "मी लेथ शिकतों" म्हणाला, तर पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. काका म्हणतात, हें बुद्धीचें काम नव्हे. त्यांस आमची नम्र विनंति इतकीच कीं, २० चा वर्ग, १० चा वर्ग व त्यांच्या वजाबाकीचें वर्गमूळ एकदां कागदावर मांडून पाहावें. तेंच गणित तो मुलगा हत्यार घासतांना दगडावर सोडवीत असतो. आणि तें चुकलें तर त्याला गुण कमी मिळत नाहींत, महागडा तुकडा भंगारांत जातो.