मळवलीच्या अलीकडे संपणारी रेघ

कोऱ्या सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर. तिच्या अंगावर मधून कडेकडे गुंडाळत गेलेली एकच अखंड खोबण असते, इतकी दाट की एका मिलिमीटरमध्ये तिचे ६२५ वेढे बसतात. ही खोबण उलगडून लोणावळा स्थानकातून पुण्याच्या दिशेने रुळांलगत अंथरली, तर ७४ मिनिटांच्या सीडीची रेघ जवळपास ५.४ किलोमीटर जाऊन मळवलीच्या अलीकडेच संपेल. डीव्हीडीची खोबण जास्त दाट, ती मळवली मागे टाकून १२ किलोमीटरच्या आसपास थांबेल, कामशेत काही गाठणार नाही. ब्लू-रेची मात्र सुमारे २७ किलोमीटर, म्हणजे थेट वडगावपाशी. दिसायला तिन्ही चकत्या सारख्याच!

गाणं वाजत असताना लेझरचा ठिपका या रेघेवरून ताशी साडेचार किलोमीटरच्याही आतल्या वेगाने जातो, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. ५२ पट वेगाचा ड्राइव्ह कडेजवळ पोचला की हाच वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरवर जातो.

या रेघेवर ३,३३,००० सेक्टर असतात आणि प्रत्येकात आपली २,०४८ बाइट माहिती, म्हणजे १६,३८४ बिट. पण तेवढ्यासाठी चकतीवर ५७,६२४ बिटांची जागा खर्ची पडते. उरलेल्या पसाऱ्यातला काही भाग ओरखडे, धूळ आणि आपल्या हेळसांडीची तरतूद म्हणून. त्याच्या जोरावर अडीच मिलिमीटरचा ओरखडासुद्धा ड्राइव्ह भरून काढू शकतो. पूर्ण सीडीचा हिशोब केला तर हे बिट १,९१८ कोटींवर जातात.

माझ्या मते खरं नवल या आकड्यांपेक्षा त्यांवर झालेल्या एकमताचं आहे. १९८५मध्ये अमेरिकेत ‘हाय सिएरा’ नावाच्या हॉटेलात संगणक कंपन्यांची माणसं जमली आणि फायलींची यादी चकतीवर कुठे, कशी लिहायची ते त्यांनी ठरवलं. त्यातूनच १९८८चं आयएसओ ९६६० हे मानक आलं. पहिले १६ सेक्टर मोकळे सोडायचे, ओळखीची खूण सतराव्यात. कुणाच्या प्रोसेसरला आकड्यांचे बाइट सुलट लागत, कुणाला उलट, म्हणून बहुतेक आकडे दोनदा लिहायचे, दोन्ही क्रमांनी. आपल्याकडे असा तंटा कोर्टात पन्नास वर्षं चालला असता.

नियम कडक होते. सर्वांत साध्या पातळीवर फायलीचं नाव आठ अक्षरांचं, पुढे तीन अक्षरांचं शेपूट, तेही फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. लोणावळा, खंडाळा, तळेगाव यांची इंग्रजी स्पेलिंगं नेमकी आठ अक्षरांची, ती सुखाने बसत. ‘वडगाव मावळ’ लांबीतही बसेना आणि मधल्या मोकळ्या जागेमुळेही अडे. असं असूनही या ३७ चिन्हांतून आठ अक्षरी नावं साडेतीन लाख कोटींहून जास्त होतात. देवनागरीला मात्र त्यांत जागा नव्हती. ती मिळाली १९९५मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या जोलिएट या जोडणीमुळे: ६४ चिन्हांपर्यंतचं नाव, युनिकोडमध्ये.

उधळपट्टीही आहे. सीडी-आर एकदा राइट करून सत्र बंद केलं आणि नंतर आठवण झाली म्हणून मल्टिसेशनमध्ये एखादा छोटासा फोटो वाढवला, तर पहिल्या सत्राचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात बांधण्यातच २ कोटी ३० लाख बाइटांची जागा जाते. आणि फायलीच्या तारखेत वर्षासाठी एकच बाइट ठेवलाय, मोजणी १९००पासून. म्हणजे २१५५ साली कॅलेंडर संपलं.

मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्यात गेलं की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावं खांबांवर ब्राह्मीत कोरलेली दिसतात. अक्षरं टिकली, पण ती वाचायची कशी हेच लोक विसरले. जेम्स प्रिन्सेपने १८३७च्या सुमारास ब्राह्मी उलगडली, तेव्हा कुठे ती पुन्हा बोलू लागली. सीडीचं नेमकं उलट झालंय. वाचायची रीत आजही प्रत्येक संगणकाला पाठ आहे, पण सीडी-आरवरचा रंगाचा थर ऊन, उष्णता आणि दमटपणाने खराब होतो, आणि लोणावळ्याच्या पावसात दमटपणाला काय तोटा!

लग्नामुंजीच्या सीडी कपाटात पडून असतील तर पावसाळ्याआधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपमध्ये सहसा ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीला जोडायचा वेगळा ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो.