वेदनेचा हिशेब आणि औषधाचे दुकान

जबलपूरच्या राइट टाउनमधील एका औषध दुकानात माझ्यापुढे एक वृद्ध बाई उभ्या होत्या. चिठ्ठी नव्हती. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकच्या दोन पट्ट्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी मागितल्या. ‘‘वर्षभर रोज घेते,’’ असे त्या सहज म्हणाल्या. काउंटरवरच्या मुलाने पैसे मोजून घेतले. अशा वेदनाशामकाने रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडे बिघडू शकतात, हे सांगायला कोणी नव्हते. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर होते. तो स्वतः नव्हता.

कायदा मात्र हजर आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. २०१५ च्या विनियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हेही त्याचे कर्तव्य ठरवले. ट्रॅमाडॉलसारखी औषधे अनुसूची एच-१ मध्ये असल्याने त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. तपासणीत आम्ही अधिकारी नोंदवह्या पाहत असू. माणूस हजर आहे का, हे क्वचितच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसरी विसंगतीही टोचते. याच राज्यातील मंदसौर-नीमच पट्ट्यात परवान्याने अफू पिकते, नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून मॉर्फिन काढले जाते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे कर्करोगाच्या असंख्य रुग्णांपर्यंत ते पोहोचेना. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सुकर केली. पण औषध साठवणारा आणि निर्भयपणे हिशेब ठेवणारा प्रशिक्षित माणूस नसेल तर ती वाट कागदावरच राहते. एका टोकाला बेफिकीर विक्री, दुसऱ्या टोकाला भीतीपोटी नकार. दोन्हींवर उतारा एकच.

फार्मासिस्ट डॉक्टर नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. त्याने निदान करू नये. किती दिवस घेता, आणखी कोणती औषधे चालू आहेत, एवढे विचारावे आणि शंका आली तर रुग्णाला डॉक्टरकडे परत पाठवावे. लहान दुकानदाराला पूर्णवेळ पगार परवडत नाही, हेही खरे. म्हणून समुपदेशनाला मोबदला द्यावा, आणि जिल्हा रुग्णालयांच्या औषध खिडकीपासून सुरुवात करावी. तेथे फार्मासिस्ट सरकारचाच आहे.

त्या बाईंना मी डॉक्टरांना भेटा, असे सुचवले. त्या हसून म्हणाल्या, ‘‘भैया, तिथे दिवस जातो, इथे दोन मिनिटे लागतात.’’ धोरणाने याच दोन मिनिटांचा विचार करायला हवा.