डिस्प्ले गेला, म्हणजे नेमके काय गेले?

जुना कॅसेट डेक किंवा रिसीव्हर दुरुस्तीला नेला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "डिस्प्ले गेलाय, आता मिळत नाही." यातला दुसरा भाग खरा आहे, पहिला मात्र बहुतेक वेळा खोटा ठरतो. निळ्या-हिरव्या आकड्यांची ती काच चाळीस-चाळीस वर्षे टिकते. मरतो तो तिच्या मागचा दोन-चार रुपयांचा कपॅसिटर. आणि त्याच्यापायी अख्खे यंत्र भंगारात जाते.

या काचेचे पूर्ण नाव व्हॅक्युम फ्लुरोसंट डिस्प्ले. दुकानात आणि सर्किटच्या नकाशावर नुसते 'एफएल'. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ असलेल्या पिढीला तिचा पूर्वज ठाऊक आहे. स्टेशन नीट लागले की हिरवी पाकळी मिटणारा 'मॅजिक आय' तो हाच. फिलिप्सने 1959 च्या सुमारास डीएम160 ही इवलीशी दर्शक नळी काढली, तिथून ही जात आकड्यांच्या दिशेने सरकली. आकडे दाखवणारी या जातीची पहिली नळी मात्र जपानची. 1967 साली इसे इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीत तादाशी नाकामुरा यांनी ती तयार केली. आणि ही कंपनी पुढे ज्या नोरिताके समूहाचे नाव लावू लागली, तो चिनी मातीच्या कपबश्यांसाठी प्रसिद्ध.

गरज कॅल्क्युलेटरवाल्यांची होती. तेव्हा आकडे दाखवणाऱ्या निक्सी नळ्यांना 170 व्होल्टच्या आसपास दाब लागे आणि त्यांच्यावर अमेरिकी कंपनीचे पेटंट होते. नव्या नळीचे 25-30 व्होल्टमध्ये भागत होते, म्हणजे त्या काळच्या चिपमधून ती थेट चालवता येत होती. 1969 च्या शार्प क्यूटी-8डीमध्ये अशाच नळ्या होत्या. पुढे इसे, फुताबा आणि एनईसी यांनी या काचा इतक्या बनवल्या की सत्तरीच्या अखेरीस त्या डेकवर आल्या. टेक्निक्सने 'एफएल मीटर' हा शब्दच रुजवला. काट्याच्या व्हीयू मीटरला पूर्ण वर चढायला सुमारे 300 मिलिसेकंद लागतात, तोवर तबल्याची थाप होऊन गेलेली असते. एफएल पट्टी ती थाप तिथल्या तिथे दाखवते. रेकॉर्डिंग करणाऱ्याला हेच हवे होते. शोभा हा वरचा फायदा.

आत असतात तीनच गोष्टी. पुढे केसाहून बारीक टंगस्टनच्या तारा म्हणजे फिलामेंट, त्यांवर बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियमच्या ऑक्साइडचा लेप. मध्ये धातूची जाळी. मागे आकड्यांच्या काड्या म्हणजे अॅनोड, त्यांवर झिंक ऑक्साइडची पूड. तारा 600-650 अंशांपर्यंत तापतात, इलेक्ट्रॉन सुटतात, जाळी त्यांना सोडते किंवा अडवते, आणि पूड उजळते.

दुरुस्तीची सुरुवात खोलीतले दिवे बंद करून करावी. काचेत डोळे लावून पाहा : आडव्या तारा मंद नारिंगी दिसतात का? दिसत असतील आणि आकडे नसतील तर काचेला हात लावू नका, जाळी आणि काड्यांसाठीचा सप्लाय बसलेला आहे. बहुतेक यंत्रांत हा उणे 30 व्होल्टच्या आसपास असतो. तिथे एखादा 50 व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक सुकलेला सापडतो, फ्युजिबल रेझिस्टर उघडा पडलेला असतो, नाहीतर झेनर इतकी वर्षे तापून खालचा बोर्ड तपकिरी झालेला असतो. झेनर नवा घालताना पाय जरा लांब ठेवून बोर्डापासून उचलून बसवावा, म्हणजे पुढच्या वेळी बोर्ड जळणार नाही. तारा अजिबात दिसत नसतील तर मल्टिमीटर लावा. फिलामेंट सहसा कडेच्या दोन टोकांच्या पिनांवर असते आणि काही ओहम दाखवते. ओहम दिसले की काचेत जीव आहे.

एकच आकडा पूर्ण गायब असेल तर दोष त्या जाळीच्या वाटेवर. सगळ्या आकड्यांतली तीच एक काडी गायब असेल तर काडीच्या वाटेवर. दोन्हींत पहिला संशय ड्राय सोल्डरवर घ्यावा. पिनांना पुन्हा सोल्डर मारले की निम्मे रोगी तिथेच बरे होतात. विझायला हव्यात त्या काड्या पुसट उजळत असतील तर फिलामेंटचा बायस हलला आहे. काचेच्या कोपऱ्यातला आरशासारखा चंदेरी डाग मात्र आधी बघून घ्यावा. तो दुधी पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, विषय संपला. तुटलेल्या तारेलाही औषध नाही.

अंधुकपणाचे प्रकरण वेगळे. आधी समोरचे धुरकट अॅक्रिलिक आतून पुसा. उदबत्ती, सिगारेट आणि धुळीचा थर निघाला की कित्येकदा निम्मा उजेड परत येतो. ज्या काड्या वर्षानुवर्षे सतत पेटत राहिल्या त्यांची पूड झिजते, ती भरून येत नाही. बहुरंगी काचेत लाल रंग सगळ्यांत आधी मावळतो. फिलामेंटला थोडा वेळ जास्त व्होल्टेज देऊन 'जागे' करण्याची युक्ती काही जण वापरतात. तिने कधी उजेड वाढतो, कधी तार जाते. माझ्या मते दुसरी काच हाताशी नसताना हा जुगार खेळू नये. आणि जपानच्या घरगुती बाजारातला डेक असेल तर तो 100 व्होल्टचा असतो. आपल्या 230 वर थेट लावला तर डिस्प्लेचीच काय, कशाचीच चर्चा उरत नाही. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आधी, कौतुक नंतर.

डेकची यंत्रणाच संपली असेल तर काच काढून घ्यावी, तीही शक्यतो तिच्या बोर्डासकट, कारण ड्रायव्हर चिप तिथेच बसलेली असते. पिनांचा नकाशा नसला तरी घरी काढता येतो. फिलामेंटला 1.5 व्होल्टचा एक सेल द्या, 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकामागे एक जोडा, त्यांचे ऋण टोक फिलामेंटला आणि धन टोक एका वेळी दोन पिनांना : एक जाळी, एक काडी. जोडी जुळली की अंधारात एखादी काडी फिकट हिरवी उमटते. ती कागदावर टिपा आणि पुढे सरका. धन टोक फिलामेंटला लागले तर तार क्षणात जाते, एवढे जपावे. नंतर मॅक्स6921 किंवा एचव्ही5812 सारखी चिप घेऊन आर्डुइनोने घड्याळ बनवता येते. सोव्हिएत आयव्ही-18 नळ्यांची अशी घड्याळे जगभर होतात, पण डेकच्या काचेत पातळीच्या पट्ट्या, 'रेक' आणि बाण आधीच कोरलेले असतात. त्यांचे नुसते घड्याळ करणे मला वाया घालवणे वाटते. त्या पट्ट्या पुन्हा आवाजालाच जोडाव्यात. जुन्या खोक्यात ओएलईडीचा रंगीत पडदा बसवणाऱ्यांशी माझे भांडण नाही, फक्त काढलेली काच त्यांनी फेकू नये.

या काचेने आणखी एक वळण घेतले. आत फिलामेंट, जाळी आणि अॅनोड असल्यामुळे ती मुळात ट्रायोड व्हॉल्व्हच आहे. हौशी मंडळी डिस्प्लेच्या नळ्यांतून आवाज वाढवून बघतच होती. 2015 मध्ये कॉर्ग आणि नोरिताके इट्रॉन यांनी 'न्यूट्यूब 6पी1' जाहीर केली : डिस्प्लेच्या तंत्राने बनवलेला जोड-ट्रायोड, अपेक्षित आयुष्य 30,000 तास. व्हॉक्सच्या एमव्ही50 या गिटार अॅम्पमध्ये तीच बसवली आहे. चालू असताना तीही निळी-हिरवी उजळते.

आखातातून कोकणात आणि गोव्यात आलेले असे कितीतरी डेक माळ्यावर पडून आहेत. भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी कोणाकडून तरी उणे सप्लाय मोजून घ्या, आणि दुकानदार "डिस्प्ले गेलाय" म्हणाला तर त्याला एवढेच विचारा, फिलामेंटवर किती व्होल्ट येतात?