एका आगीत बेचिराख झालेलं ओलेसुंड आज इतकं देखणं कसं? आणि तिथे गेल्यावर खायचं काय?

समुद्रात घुसलेली चिंचोळी जमीन, तिच्यावर दाटीवाटीने उभ्या असलेल्या पिवळ्या, गुलाबी, पांढऱ्या इमारती आणि मागे बर्फाचे डोंगर. नॉर्वेचे रील्स बघणाऱ्यांनी हा फोटो एकदा तरी पाहिलेला असतोच. हे आहे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ओलेसुंड. फोटोखाली बहुतेक वेळा 'परीकथेतलं गाव' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात हे गाव एका मोठ्या संकटातून उभं राहिलं आहे.

नेमकं काय घडलं होतं?

२३ जानेवारी १९०४ च्या पहाटे गावातल्या एका कारखान्याला आग लागली. घरं लाकडाची, एकमेकांना खेटून उभी आणि त्यात वादळी वारा. सुमारे १६ तासांत ८५० च्या आसपास घरं जळाली आणि जवळपास १० हजार लोक ऐन हिवाळ्यात उघड्यावर आले. एवढ्या मोठ्या आगीत मृत्यू झाला तो मात्र एकाच व्यक्तीचा.

जर्मनीचे सम्राट कैसर विल्हेल्म दुसरे सुट्टीसाठी नेहमी या किनाऱ्यावर यायचे. आगीची बातमी कळताच त्यांनी मदतसामग्रीने भरलेली जहाजं पाठवली. आजही गावातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यावरून 'कैसरने गाव बांधून दिलं' असं सांगितलं जातं, पण ते खरं नाही. मदत त्यांची होती, बांधकाम नॉर्वेच्या लोकांनी केलं.

सगळ्या इमारती एकसारख्या का दिसतात?

याची तीन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. या आगीनंतर नॉर्वेतल्या शहरांमध्ये लाकडाऐवजी दगड-विटांचं बांधकाम सक्तीचं झालं. दुसरं वेळेचं. गावाचा बहुतेक मध्यभाग १९०४ ते १९०७ या तीन-चार वर्षांतच पुन्हा उभा राहिला. त्याआधी राजधानीतला बांधकाम व्यवसाय मंदीत सापडला होता, त्यामुळे काम शोधणारे वास्तुविशारद आणि कारागीर सहज मिळाले.

तिसरं कारण फॅशनचं. त्या काळात युरोपात 'आर्ट नूवो' शैली जोरात होती. जर्मनीत तिला 'युगेंडश्टील' म्हणत. अनेक तरुण वास्तुविशारद जर्मनीत शिकून आले होते. त्यांनी या शैलीतल्या वेलबुट्ट्या, मनोरे आणि मुखवटे घेतले आणि त्यात नॉर्वेच्या जुन्या कोरीवकामातले नमुने मिसळले.

काय बघायचं?

गाव पायी फिरण्याएवढंच आहे. सुरुवात ब्रुसुंडेट या गावातून जाणाऱ्या खाडीपासून करावी. जवळच जुन्या 'स्वान' औषधालयाच्या इमारतीत आर्ट नूवोचं संग्रहालय आहे. आगीची आणि पुनर्बांधणीची गोष्ट तिथे नीट समजते.

तो प्रसिद्ध फोटो मिळतो आक्स्ला टेकडीवरून. गावातल्या बागेतून ४१८ पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे कुरकुरत असतील तर गाडीनेही वर जाता येतं. उन्हाळ्यात इथून गायरांगर फ्योर्डला बोटी जातात. हा फ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जूनमध्ये रात्रीही पुरता अंधार पडत नाही. डिसेंबरात मात्र दिवस जेमतेम पाच तासांचा असतो, तेव्हा बेत त्यानुसार आखावा.

इथला खास पदार्थ कोणता?

बाकालाओ. नाव स्पॅनिश आहे, मासा मात्र इथलाच. कॉड मासा खारवून वाळवला की त्याला क्लिपफिस्क म्हणतात. पूर्वी तो किनाऱ्यावरच्या खडकांवर वाळत घालत, त्यावरून हे नाव पडलं. हा मासा जहाजांनी स्पेन, पोर्तुगाल आणि ब्राझीलला जायचा. त्या व्यापारातून टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलात शिजवायची पद्धत नॉर्वेत आली. मासा दिवसभर किंवा जास्त वेळ पाण्यात भिजवून खारटपणा काढतात आणि मग कांदा, बटाटा, टोमॅटो घालून मंद आचेवर शिजवतात.

कोकणातल्या सुक्या मासळीची सवय असलेल्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. गोव्यात पोर्तुगीजांसोबत आलेला 'बाकाल्याव' म्हणजे हाच खारवलेला कॉड.

मासे न खाणाऱ्यांसाठी 'स्वेले' आहे. हे जाडसर, गोड धिरडं या भागातल्या फेरीबोटींवर गरमागरम मिळतं. त्यात लोणी-साखर किंवा तपकिरी चीज घालून घडी करतात. हे चीज दूध फाटल्यावर उरलेलं पाणी आटवून करतात, त्यामुळे चव थोडी खव्यासारखी गोडसर लागते. स्वेलेत अंडं असतं, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं.

खिशाला किती चाट बसते?

बरीच. रेस्टॉरंटमध्ये एका मुख्य पदार्थाला रुपयांत सहज दोन-तीन हजार मोजावे लागतात. थोडं नियोजन केलं तर खर्च आटोक्यात राहतो:

• बसून खाल्लं तर २५ टक्के कर, तेच बांधून नेलं तर १५ टक्के.
• नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटली विकत घ्यायची गरज नाही.
• टीप देणं बंधनकारक नाही.
• रविवारी बहुतेक मोठी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारीच खरेदी करून ठेवावी.
• डबा सोबत नेण्यात कसलाही कमीपणा नाही. नॉर्वेचे लोक स्वतः पाव-चीजचा डबा घेऊन ऑफिसला आणि डोंगरावर जातात.

एक वेळ डबा, एक वेळ बाकालाओ असा हिशेब ठेवला तर ओलेसुंड परवडू शकतं. आणि आक्स्लावरून तो फोटो काढाल तेव्हा समोरचं गाव कशामुळे असं दिसतं, हे तुम्हाला आता ठाऊक असेल.