ढाल चार बिंदूंची

कंधारच्या एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले आहे असे समजा. शाळेचे बोधचिन्ह ढालीच्या आकाराचे आहे. त्यात कंधारचा भुईकोट किल्ला आणि त्याच्या खंदकातील पाणी दाखवले आहे. मूळ चित्र केव्हाच हरवले. शाळेच्या संगणकात उरले आहे ते २०० ठिपके रुंदीचे लहानसे चित्र. तेच तीन मीटर रुंदीच्या कापडी फलकावर छापले, आणि ढालीची डौलदार कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसू लागली! असे का झाले?

संगणकातील असे चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची ओळीने केलेली मांडणी. चित्र मोठे केले म्हणून त्यातील ठिपक्यांची संख्या वाढत नाही. आहेत तेच ठिपके फुगतात. तीन मीटर म्हणजे ३००० मिलिमीटर. त्याला २०० ने भागा. एकेक ठिपका दीड सेंटिमीटरचा झाला! मग कड गुळगुळीत कशी राहणार?

यावर उपाय असा, की चित्राचे ठिपके न साठवता चित्र काढण्याची कृती साठवायची. कोणते बिंदू घ्यायचे आणि ते कोणत्या वक्राने जोडायचे, एवढेच लिहून ठेवायचे. अशा चित्राला सदिश किंवा व्हेक्टर चित्र म्हणतात.

यासाठी लागणारे वक्र मोटारींच्या कारखान्यांतून आले. मोटारीचा बाकदार पत्रा आकड्यांत कसा सांगायचा, हा तेथील प्रश्न होता. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये त्याचे उत्तर शोधले. पण कंपनीने ते गुप्त ठेवले. रेनो कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे तेच साधले व प्रसिद्ध केले. म्हणून या वक्रांना बेझिए यांचे नाव मिळाले.

आता आलेख कागद घ्या. य-अक्ष ही ढालीची मध्यरेषा माना. अ (८, २०) हा ढालीचा वरचा उजवा कोपरा आणि ड (०, ०) हे खालचे टोक. ब (८, ८) आणि क (४, ४) हे बिंदू वक्राला आपल्याकडे ओढतात. वक्र त्यांच्यातून जात नाही.

अब, बक आणि कड या रेषाखंडांचे मध्यबिंदू काढा: (८, १४), (६, ६), (२, २). लगतचे मध्यबिंदू जोडून पुन्हा मध्यबिंदू घ्या: (७, १०) आणि (४, ४). या दोहोंचा मध्यबिंदू (५.५, ७). हा बिंदू वक्रावर आहे! आता वक्राचे दोन तुकडे झाले. पहिल्याचे चार बिंदू (८, २०), (८, १४), (७, १०), (५.५, ७), दुसऱ्याचे (५.५, ७), (४, ४), (२, २), (०, ०). प्रत्येक तुकड्यावर हीच कृती करा. थोड्याच वेळात ढालीची उजवी कड कागदावर उमटेल. डावीकडे प्रत्येक बिंदूचा क्ष-निर्देशक ऋण घ्या आणि वरचे दोन कोपरे सरळ रेषेने जोडा. झाली ढाल पुरी!

ती दहापट हवी असेल तर चारही बिंदूंचे निर्देशक दहाने गुणा आणि वक्र पुन्हा काढा. कडेला पायऱ्या पडणार नाहीत.

हेच काम संगणकावर इंकस्केप या विनामूल्य प्रणालीने करता येते. पेनाने एका कडेचा वक्र काढा. त्याची नक्कल करून 'एच' कळ दाबा, म्हणजे ती आरशातल्यासारखी उलटेल. दोन्ही वक्रांची खालची टोके जुळवून जोडा. वरची दोन सरळ रेषेने जोडा. मग आत किल्ला आणि खंदक काढा. मात्र ठिपक्यांचा फोटो आत नुसता चिकटवू नका. तो मोठा केल्यावर पुन्हा फुगेलच.

राष्ट्रकूट राजांच्या ताम्रपटांवर गरुडाची मुद्रा असे. धातूचा ठसा एकाच मापाची मुद्रा उमटवतो. आपली ढाल मात्र बिल्ल्यावर बसेल आणि शाळेच्या भिंतीवरही. तुमच्या शाळेच्या बोधचिन्हाची कड किती वक्रांत बसते? आलेख कागदावर काढून पाहा.