पाप्याचं पितर, पिवळी जर्सी

सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली गेलेलं चालत नाही, असा नियम आहे. ती चालवणाऱ्या माणसाचं वजन किती खाली गेलेलं चालेल, यावर मात्र नियमपुस्तक गप्प! व्यावसायिक रोड सायकलिंगमधल्या या वजनाच्या फंड्याची ही गोष्ट.

एक काम करा. ‘टूर द फ्रान्स’ गाजवलेल्या एखाद्या घाटवीराचा जर्सी काढलेला फोटो शोधा. पाय बघाल तर दोरखंडासारख्या शिरा. पण नजर वर गेली की दचकायलाच होतं. बसलेली गालफडं, मोजता येतील अशा बरगड्या आणि दंड म्हणाल तर दहावीतल्या किडकिडीत पोराचे. आपल्याकडच्या एखाद्या आजीने हा फोटो बघितला, तर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘‘अरे, याला घरात कुणी जेवायला घालतं की नाही?’’ पाप्याचं पितर म्हणतात ते हेच!

आणि हेच पितर तीन आठवड्यांत २१ टप्पे आणि साधारण ३,४०० किलोमीटर मारतं. तेही आल्प्स आणि पिरेनीजचे घाट चढून.

२००८ मध्ये ‘टशन’ आला तेव्हा करीनाच्या साइज झीरोवर आपण किती गप्पा हाणल्या होत्या, आठवतंय? तो साइज झीरो कॅमेऱ्यासाठी होता. सायकलिंगमधल्या साइज झीरोच्या पाठीशी मात्र चक्क फिजिक्स उभं आहे. म्हणूनच त्याच्याशी वाद घालणं जास्त अवघड.

वॉट्स पर किलो

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा शत्रू म्हणजे वारा. चढ लागला की वेग मंदावतो, वाऱ्याचा जोर कमी होतो आणि मग गाठ पडते गुरुत्वाकर्षणाशी. तिथे तुम्ही पेडलवर एकूण किती वॉट्स ताकद लावता, यापेक्षा अंगाच्या दर किलोमागे किती लावता, हे महत्त्वाचं. जगातले टॉपचे क्लायंबर्स लांब घाटात अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ किलोमागे सहा वॉट्सच्या आसपास ताकद लावत राहतात.

हा आकडा वाढवायचे दोन रस्ते. एक, वॉट्स वाढवा. दुसरा, किलो कमी करा. पहिल्याला वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो. दुसरा काही आठवड्यांत जमतो. गोम इथेच आहे.

आल्प द्युएझ हा टूरचा सगळ्यात फेमस घाट. १३.८ किलोमीटर, २१ वळणं आणि सरासरी ८.१ टक्के चढ. उंचीत मोजायचं तर साधारण ११०० मीटर. मी कागदावर हिशेब मांडून बघितला. ६० किलोचा रायडर, चाळीस मिनिटांची चढाई, पायातली ताकद तेवढीच. फक्त वजन १ किलोने कमी. वेळ वाचतो जवळजवळ अर्धा मिनिट!

अर्धा मिनिट म्हणजे किरकोळ वाटतं ना? १९८९ ची टूर ग्रेग लेमाँडने लोराँ फिन्याँवर ८ सेकंदांनी जिंकली होती. २०२४ च्या महिलांच्या टूरमध्ये कासिया निएविआदोमा आणि डेमी व्होलरिंग यांच्यात फरक होता ४ सेकंदांचा. आता सांगा, कुठला रायडर तो एक किलो अंगावर ठेवेल?

दंड का वाळलेले असतात, याचंही उत्तर यातच आहे. छाती आणि दंडाचे स्नायू पेडल मारायला फारसे लागत नाहीत. घाटात ते नुसतं सामान! खोगीरभरती नको म्हणून तीही वजाबाकी.

सायकलच्या बाबतीत हा मोह आवरावा लागला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, २००० मध्ये ६.८ किलोची किमान मर्यादा घातली. त्यामुळे सायकलवर ग्रॅम वाचवायला एक तळ आहे. अंगावरचे ग्रॅम वाचवायला तळ कुठे?

इंजिन तेच, डबे कमी

चार वेळा टूर जिंकणाऱ्या क्रिस फ्रूमने २०१५ मध्ये आपल्या लॅब टेस्टचे आकडे जाहीर केले. लोकांना डोपिंगचा संशय होता, म्हणून. त्यातून बाहेर आलं ते भलतंच इंटरेस्टिंग होतं. २००७ मध्ये त्याचं वजन होतं ७५.६ किलो आणि शरीरातली चरबी १६.९ टक्के. २०१५ च्या ऑगस्टमधल्या टेस्टमध्ये वजन ६९.९ किलो आणि चरबी दहा टक्क्यांच्या आत. टूरच्या वेळी तर तो ६७ किलोच्या आसपास होता. उंची १.८६ मीटर, म्हणजे सहा फुटांच्याही वर! दोन्ही वेळा शरीर मिनिटाला एकूण किती ऑक्सिजन वापरू शकतं ते बघितलं, तर आकडा जवळपास सारखाच, सहा लिटरच्या घरात. इंजिन आधीपासून होतंच. गाडीचे डबे कमी केले!

गंमत म्हणजे ६७ किलोवरही त्याचा बीएमआय १९ च्या वर येतो. कागदावर एकदम नॉर्मल. म्हणजे बीएमआय ठीक आहे तेव्हा सगळं ठीक, असं म्हणायची सोय नाही.

मग वजन कमी करायचं पण ताकद टिकवायची, या नादात वाटा वाकड्याही होतात. २०१२ चा विजेता ब्रॅडली विगिन्स १.९० मीटर उंच आणि टूरच्या काळात सत्तर किलोच्या आसपास. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने अहवालात म्हटलं, की त्या टूरच्या तयारीत ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड आजारावर उपचार म्हणून नाही, तर ताकद आणि वजनाचं प्रमाण सुधारण्यासाठी वापरलं गेलं. विगिन्स आणि त्याची टीम स्काय, दोघांनीही हा आरोप साफ फेटाळला. औषध तेव्हाच्या परवानगीच्या चौकटीतच घेतलं होतं. २०२२ पासून मात्र या वर्गातल्या औषधांची इंजेक्शनं स्पर्धेच्या काळात बंद झाली.

चार किलोंचा वाद

२ ऑगस्ट २०२५, शनिवार. मी लॅपटॉपला चिकटून बसले होते. महिलांच्या टूरचा आठवा टप्पा, शेवट २००० मीटर उंचीच्या कोल द ला मादलेनवर. फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो एकटी पुढे निघाली आणि मागच्यांना दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी तिचीच. १९८५ मध्ये बर्नार इनो जिंकल्यापासून पुरुषांच्या टूरमध्ये फ्रेंच विजेत्याची वाट बघणारा तो देश अक्षरशः वेडा झाला.

आणि लगेच चर्चा सुरू झाली तिच्या वजनाची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘पारी-रुबे’ जिंकणारी पोलीन आणि ही पोलीन, फरक डोळ्यांना दिसत होता. तिने लपवलं नाही. टूरसाठी चार किलो कमी केले, टीमच्या आहारतज्ज्ञाच्या मदतीने केले, हे शंभर टक्के हेल्दी नाही आणि असं कायम राहता येणार नाही, हे तिने स्वतःच सांगितलं. दुसरी आलेल्या डेमी व्होलरिंगची भूमिका वेगळी होती. आपलं शरीर तसं घडलेलं नाही, आपल्याला इतकं बारीक व्हायचं नाही, हे तिने मोकळेपणाने मांडलं. हे बघणाऱ्या लहान मुलींचं काय, ही काळजीही तिच्या बोलण्यात होती.

मला दोघींचंही पटतं. म्हणूनच प्रश्न त्या दोघींवर सोडून चालणार नाही. एकीने चार किलो उतरवले आणि ती जिंकली, की पुढच्या वर्षी बाकीच्यांना ‘नाही’ म्हणणं महाग पडतं. आणि हो, पुरुष हेच वर्षानुवर्षं करत आलेत. १.७२ मीटरच्या मार्को पँटानीचं वजन ५७ किलो होतं, तेव्हा कौतुकाने त्याला पहाडांचा राजा म्हटलं गेलं. बाईच्या बरगड्या दिसल्या की वाद आणि पुरुषाच्या दिसल्या की डेडिकेशन?

बिल मागून येतं

शरीर हिशेबाला पक्कं असतं. व्यायामाला लागलेली ऊर्जा वजा केल्यावर उरलेल्या खाण्यात त्याला हृदय, हाडं, हार्मोन्स, प्रतिकारशक्ती असा सगळा संसार चालवायचा असतो. पैसे कमी पडले की आपण आधी काय बंद करतो? जे आजच्या आज लागत नाही ते. शरीरही तेच करतं. बाईची पाळी थांबते, पुरुषाचं टेस्टॉस्टेरॉन घसरतं, हाडांची डागडुजी लांबणीवर पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला नाव दिलं, ‘रेड-एस’. खेळाडूच्या शरीरातला ऊर्जेचा तुटवडा. आधी हा फक्त बायकांचा प्रॉब्लेम समजला जायचा. या नव्या नावात पुरुषही आले.

सायकलपटूंच्या हाडांना तर दुहेरी मार. धावताना पाय जमिनीवर आपटतात, त्या दणक्याने हाडं मजबूत होतात. सायकलवर तुम्ही बसलेले, दणका नाहीच. त्यात खाणं कमी. आणि हाच तो खेळ, जिथे उतारावर ताशी ८० च्या वेगाने आदळायची भीती रोजची!

ब्रिटनचा ऑलिम्पिक विजेता क्रिस बोर्डमन याची हाडं तिशीतच विरळ झाल्याचं निघालं. टेस्टॉस्टेरॉनही कमी. इलाजासाठी लागणारं औषध डोपिंगच्या यादीत. २००० मध्ये, ३२ व्या वर्षी, त्याने सायकल सोडली. २०१० ची ‘दोफिने’ जिंकणारा स्लोव्हेनियाचा यानेज ब्राय्कोविच याने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की आपल्याला बुलिमिया आहे. म्हणजे खायचं आणि उलटी करून काढायचं. २०२२ च्या महिला टूरमध्ये नववी आलेली अमेरिकेची व्हेरॉनिका युअर्स आपल्या ईटिंग डिसऑर्डरबद्दल उघडपणे बोलली आणि २०२५ मध्ये तब्येत सावरण्यासाठी रेसिंगमधून बाजूला झाली.

आता खातात की!

चित्र अगदीच काळं नाही. रेसमध्ये जेवढं कमी खाल तेवढं भारी, हा जुना हट्ट आता मोडीत निघालाय. आजचे रायडर्स तासाला १०० ते १२० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात ढकलतात. जेल, राइस केक, साखरेचं पाणी. डोंगरातल्या दिवशी पाच ते सात हजार कॅलरी सहज लागतात. चार टूर्स जिंकलेला तादेय पोगाचार ६५ किलोच्या आसपासचा आहे, घाटातल्या गर्दीत सगळ्यात हडकुळा काही तो नव्हे. उपाशी इंजिन जोरात पळत नाही, हे टीम्सना उमगलंय.

तरी टीमच्या किचनमध्ये भात वजनकाट्यावर मोजूनच ताटात पडतो. पूर्वी अंदाजाने वाळायचे, आता ॲप लावून वाळतात. चांगल्या टीममध्ये त्यावर डॉक्टरची नजर असते. छोट्या टीममधल्या, पगाराची मारामार असलेल्या पोरापोरींकडे फक्त काटा असतो.

आपल्या घाटात

‘‘अगं, हे सगळं युरोपात. आपला काय संबंध?’’ असं मला एका मित्राने विचारलं. ज्या देशात मुंबई-पुणे रेसमध्ये बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तिथे हा प्रश्न? जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात यूसीआयच्या कॅलेंडरवरची टूरही होऊन गेली. आणि रविवारी पहाटे लोणावळ्याकडे निघणारी आपली आयटीवाली जनता? प्रोफाइलवर वॉट्स पर किलो मिरवणारे आणि रात्रीचं जेवण सोडून मीटिंगमध्ये चिडचिड करणारे माझ्या ओळखीत निदान दोघे आहेत. त्यांच्याकडे टीम डॉक्टर नाही. सोमवारी ऑफिस आहे.

नियम करता येतो, हे दुसऱ्या एका खेळाने दाखवलंय. स्की जंपिंगमध्येही हलकं अंग लांब उडतं आणि तिथलेही खेळाडू वाळत चालले होते. २००४ मध्ये त्यांनी स्कीची लांबी बीएमआयशी बांधली. फार बारीक झालात, तर स्की आखूड. म्हणजे उपाशी राहण्याचा फायदाच कापला! सायकलिंगमध्ये नुसत्या बीएमआयने भागणार नाही, फ्रूमच्या आकड्यांवरून ते दिसतंच. पण हाडांची आणि हार्मोन्सची नियमित तपासणी आणि ती बिघडली तर सक्तीची विश्रांती, एवढं तरी सगळ्यांना सारखं लागू करता येईल. सगळ्यांना लागू झालं, की कुणा एकीला आपली पाळी आणि पिवळी जर्सी यातून निवड करावी लागणार नाही.

तुम्हीही सायकल मारता? मग एवढं बघा

* मुलींनो, पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘ट्रेनिंगमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरकडे जा.
* मुलांनो, सेक्समधला इंटरेस्ट गेला, सकाळी उठून मरगळ वाटते, हीही लक्षणं आहेत. लाजू नका.
* सारखी सर्दी, उडालेली झोप, बारीकसारीक फ्रॅक्चर, डोक्यात चोवीस तास खाण्याचा विचार... शरीर काहीतरी सांगतंय.
* दोन तासांच्या वर राइड असेल तर खिशात खायला ठेवा. चिक्की, केळं, खजूर, काहीही. आणि ते खा!
* वजन कमी करायचंच असेल, तर आहारतज्ज्ञाला विचारून, हळूहळू. रेसच्या तोंडावर उपास करून नाही.

बोरघाटात एक किलो कमी असेल, तर तुमचाआमचाही साधारण अर्धा मिनिट वाचतो. वर पोचल्यावर वडापावच्या गाडीपाशी तो अर्धा मिनिट कुणी विचारत नाही. तेव्हा घाट चढा, पण वडापाव सोडू नका!