तणनाशकाच्या नावातील 'एस्टर'

गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी हे तणनाशक वापरले जाते. त्याच्या डब्यांवर कोठे 'सोडियम सॉल्ट', कोठे 'अमाईन सॉल्ट', तर कोठे 'एथिल एस्टर' असे लिहिलेले असते. या एका शब्दाने औषधाचा स्वभाव बदलतो. म्हणून त्याचा अर्थ जाणून घेणे अगत्याचे आहे.

२,४-डी हे मुळात कार्बोक्सिलिक आम्ल होय. शिरक्याला आंबटपणा देणारे ॲसिटिक आम्लही याच कुळातील आहे. अशा आम्लाचा अल्कोहोलशी संयोग झाला म्हणजे पाणी वेगळे होऊन एस्टर तयार होते. त्याच्या नावात प्रथम अल्कोहोलचा भाग येतो. नंतर आम्लाचे नाव येते व त्यातील शेवटच्या 'इक'च्या जागी 'एट' होते. एथिल अल्कोहोल व ॲसिटिक आम्ल यांपासून एथिल ॲसिटेट होते, ते याच रीतीने. लवणाच्या, म्हणजे सॉल्टच्या, नावातही शेवटी 'एट' असते. परंतु सोडियम ॲसिटेटप्रमाणे तेथे पहिला शब्द धातूचा किंवा अमाईनचा असतो. यास्तव पहिला शब्द नीट पाहावा.

२,४-डीचे २२१ भाग आम्ल व ४६ भाग एथिल अल्कोहोल यांपासून २४९ भाग एस्टर व १८ भाग पाणी मिळते. म्हणजे १ किलो शुद्ध एस्टरमध्ये सुमारे ८८७ ग्रॅम आम्ल असते. तण मारण्याचे कार्य हे आम्लच करते. एस्टर पानावरील मेणचट थरातून लवकर आत शिरते व तेथे फुटून आम्ल मोकळे होते. म्हणून निरनिराळ्या डब्यांची तुलना त्यांतील आम्लाच्या प्रमाणावरूनच करावी.

एथिल एस्टरचा दोष असा की, उन्हात त्याची वाफ होऊन ती वाऱ्याबरोबर दूर जाते. द्राक्ष, कापूस व टोमॅटो ही पिके या औषधास फार नाजूक आहेत. अल्प वाफेनेही त्यांची कोवळी पाने अरुंद व वेडीवाकडी होतात. लवणांची वाफ जवळजवळ होत नाही; मात्र फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने उडतातच.

नाशिक भागात गव्हाशेजारी द्राक्षबाग असल्यास एस्टर वापरू नये. लवणाची फवारणीही वारा शांत असतानाच करावी आणि तणनाशकाचा पंप निराळा ठेवावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीपूर्वी डब्यावरील नाव शेतकऱ्यास वाचून दाखवावे. तेवढ्या दक्षतेने शेजाऱ्याचे वर्षाचे पीक वाचू शकेल.